उत्पन्नाचा दाखला

मुंबईत रेशनवरचे धान्य मिळायचे, तर सगळ्या कुटुंबाचे मिळून वर्षाचे उत्पन्न 59 हजार रुपयांच्या आत असावे लागते. खेड्यात 44 हजारांच्या आत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याने प्राधान्य कुटुंबांसाठी ही मर्यादा आखली आणि दहा वर्षे उलटून गेली तरी ती तशीच चालू राहिली. 59 हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. पाच माणसांच्या घरात दिवसाला माणशी 32 रुपये. परळ स्टेशनबाहेर एक वडापाव आणि कटिंग चहा घेतला की ते संपले.

आता याच सरकारचा दुसरा नियम पाहा. दुकाने, हॉटेले, पहारेकऱ्यांच्या एजन्सीज, या सगळ्यांना किमान वेतन द्यावे लागते आणि मुंबईत ते महिन्याला दहा हजारांच्या वर आहे. म्हणजे ज्याला कायद्याने ठरलेला सर्वांत कमी पगार मिळतो तो माणूसही रेशनच्या यादीतून बाद. यादीत बसायचे तर दोनच वाटा उरतात : मालकाने कायदा मोडून निम्मा पगार द्यावा, नाहीतर कामगाराने खोटे लिहून द्यावे. लाखो कष्टकरी दुसऱ्या वाटेने जातात. महिन्याला पाच किलो धान्य माणशी मिळावे म्हणून दिवसाचे बारा तास राबणारा माणूस ‘मी एवढे कमावत नाही’ असे स्वयंघोषणापत्र लिहून देतो आणि खाली सही करतो. ही सही त्याला खुपते. ती का खुपते, हे नीट पाहायला हवे.

त्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांभोवती वसलेल्या गिरणगावातल्या एखाद्या घराच्या तीन पिढ्या घ्या. आजोबा रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले, गाववाल्यांच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपणारे. आधी बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पगाराच्या दिवशी पठाण सावकार वसुलीला दाराशी उभा असे, कापसाचे तंतू छातीत जात, खोलीत हवा नसे. पण ती गरिबी चारचौघांतली होती. कोणाचा पगार किती, कोणाचे देणे किती, हे सबंध चाळीला ठाऊक. खानावळवालीकडे महिन्याचे उधार असे आणि तीही सावकाराकडून कर्ज काढून धान्य भरत असे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. सावकाराच्या दारात एकेकटी मान खाली घालून जाणारी बाई बँकेच्या दारात दहा जणींबरोबर गेली, तेव्हा तिची मान वर होती. पैशाची नड तीच होती, फक्त ती आता एकटीची राहिली नव्हती.

हे सगळे 18 जानेवारी 1982 नंतर उधळले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने गावाहून तांदूळ आला, वाण्याने उधार दिले. मग बायकांच्या गळ्यातले गेले. मुलांच्या शाळा सुटल्या. कोणी भाजीची पाटी घेऊन दूरच्या उपनगरात बसू लागला, कारण लालबागमध्ये ओळखीचे भेटतील. माझ्या मते लाज खरी त्या पाटीबरोबर गिरणगावात शिरली. साचा चालवणाऱ्या हाताला आपल्या कामाचा अभिमान होता. तो हुन्नर कोणालाच नको झाला आणि माणूस एकटा पडला.

त्याचा मुलगा पहारेकरी झाला, आणि नातू आज मॉलच्या दारात उभा आहे, किंवा पाठीवर जेवणाची पेटी घेऊन दुचाकी पळवतो आहे. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये जाणाऱ्यांना हे सांगायला नको. कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जमीन 2005 मध्ये 421 कोटींना विकली गेली. त्याच सुमारास गिरणी कामगारांना द्यायच्या घरांचा हिशेब चालू होता. या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघायला 2012 उजाडले; घरे सात हजारांच्या आत आणि अर्ज जवळजवळ दीड लाख.

नातवाला आजोबांपेक्षा जास्त शाळा मिळाली. त्याच्याकडे मोबाइल आहे, इस्त्रीचा शर्ट आहे, दुचाकीचा हप्ता आहे. त्यामुळे तो गरीब दिसत नाही, आणि दिसू नये याची तो फार काळजी घेतो. गणवेश पिशवीत घालून घरून निघायचे आणि कामावर पोचल्यावर अंगावर चढवायचा, ही पहारेकऱ्यांमध्ये सर्रास चालणारी गोष्ट आहे. स्थळ बघायला आलेले लोक विचारतात, मुलगा काय करतो? घरातले सांगतात, प्रायव्हेटमध्ये आहे. याच्या पुढे कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरीही कोणीतरी ‘प्रायव्हेटमध्ये’ असतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा पगार आता कोणाला माहीत नसतो. आजोबांची पगारपावती अख्ख्या चाळीने पाहिली होती. नातवाचा पगार मोबाइलवर येतो, आणि खाडे व दंड कापून किती आला ते बायकोलाही नेमके सांगितले जात नाही.

अशा माणसाला सरकार रेशनच्या रांगेत आपली गरिबी सिद्ध करायला लावते, आणि तीही खोटी. लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार देताना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख धरली. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी ती आठ लाख आहे. म्हणजे आठ लाखांचे घर दुर्बल आहे, अडीच लाखांचे मदतीला पात्र आहे आणि 60 हजारांचे घर फुकट तांदूळ मिळण्याइतके गरीब नाही. हे आकडे एकाच टेबलावर ठेवून कोणी पाहिले असते तर ते टिकले नसते. मर्यादा किमान वेतनाला जोडा, वेतन वाढले की तीही वाढू द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, राज्याचा एक शासननिर्णय पुरेसा आहे. खर्च वाढेल आणि केंद्राचा कोटा अपुरा पडेल, हे उत्तर ठरलेले आहे. मग कोटा अपुरा आहे असे उघड म्हणावे. तो अपुरेपणा कामगाराच्या सहीमागे लपवू नये.

म्हाताऱ्यांचे काय, तर भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन 2014 मध्ये महिना एक हजार रुपये ठरली. कित्येक जुन्या गिरणी कामगारांच्या हातात तेवढेच, किंवा त्याहून थोडे जास्त पडते. आजोबा, मुलगा आणि नातू या तिघांपैकी खरे उत्पन्न बेधडक सांगू शकतील असे आजोबा एकटेच.

तहसील कचेरीबाहेर फॉर्म भरून देणारे टेबल टाकून बसलेले असतात. नाव, पत्ता, आधार क्रमांक ते विचारून लिहितात. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी आले की काही विचारत नाहीत. समोर उभा असलेला माणूसही काही बोलत नाही. आकडा लिहून झाला की कागद त्याच्याकडे फिरवतात आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवतात.