निदान आणि शिक्का

आपल्याकडे कुणी चार दिवस गप्प बसला किंवा नको तिथे मोठ्याने हसला, की कुणीतरी सहज बोलून जायचं, "ह्याला ठाण्याला पाठवा, नाहीतर येरवड्याला." त्या दोन गावांत मोठी मनोरुग्णालयं आहेत, एवढाच त्या गावांचा गुन्हा! हल्ली असं कुणी फारसं म्हणत नाही. आता म्हणतात, "तिला डिप्रेशन आहे", "तो बायपोलर वाटतो", "सासूबाईंना ओसीडी आहे हो." शब्द शास्त्रीय झाले, पण ते दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायची आपली घाई तीच राहिली. म्हणून आज थोडं मनाच्या आजारांच्या निदानाबद्दल लिहावंसं वाटलं.

मधुमेह आहे की नाही हे बोटातून थेंबभर रक्त काढलं की कळायला लागतं. हाड मोडलं तर फोटोत दिसतं. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य दाखवणारी अशी रक्ताची तपासणी अजून तरी नाही. तिथे डॉक्टरांनी समोरच्याचं ऐकायचं, त्याच्याकडे बघायचं, घरच्यांना विचारायचं आणि मग ठरवायचं. यात कमीपणा काही नाही. पण जिथे मोजायला पट्टी नसते तिथे मोजणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते, असं मला वाटतं.

या विषयावर बोलणं निघालं की एका अमेरिकन प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. डेव्हिड रोझेनहान नावाचे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. ते स्वतः धरून आठ धडधाकट माणसं पाच राज्यांतल्या बारा रुग्णालयांत गेली आणि "आवाज ऐकू येतात" एवढीच तक्रार केली, असं त्यांनी लिहिलं होतं. सगळ्यांना दाखल करून घेतलं. एक प्रवेश सोडला तर सगळीकडे निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. आत गेल्यावर ही माणसं नेहमीसारखी वागू लागली, तरी बाहेर यायला कुणाला सात दिवस लागले, कुणाला बावन्न. त्यातला एकजण वहीत टिपणं काढायचा, तर परिचारिकेने त्याच्या कागदावर ते 'लिहिण्याचं वर्तन' म्हणून नोंदवलं. म्हणजे लिहिणं हेसुद्धा लक्षणासारखं झालं! गंमत अशी, की बरोबरच्या खऱ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांना मात्र संशय आला होता, की हा काही आजारी दिसत नाही.

पुढे एका रुग्णालयाने म्हटलं, आमच्याकडे असं होणार नाही. तेव्हा रोझेनहान म्हणाले, ठीक, येत्या तीन महिन्यांत मी तोतये पाठवीन, ओळखून दाखवा. 193 रुग्णांपैकी 41 जण तोतये आहेत असं तिथल्या कुणा ना कुणा कर्मचाऱ्याला खात्रीने वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी एकही माणूस पाठवलेला नव्हता!

आता इथपर्यंत वाचून "बघा, मानसोपचार म्हणजे सगळं थोतांडच" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा प्रयोग हल्ली त्याच मथळ्याखाली इकडून तिकडे पाठवला जातो. पण मंडळी, गोष्ट तिथे संपत नाही. सुझाना कॅहालन नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईंनी या प्रयोगाचा माग काढला आणि 2019 साली त्यावर पुस्तक लिहिलं. रोझेनहान यांच्या स्वतःच्या दाखल्याची कागदपत्रं त्यांना मिळाली. त्यात दिसलं, की त्यांनी डॉक्टरांना लेखात लिहिलंय त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगितलं होतं. आवाज कित्येक महिन्यांपासून येतात, जीव द्यावासा वाटतो, असंही. असं सांगणाऱ्या माणसाला कुठला जबाबदार डॉक्टर घरी पाठवील? बाकीच्या सात जणांपैकी एकाचाच पत्ता लागला. आणखी एक होता, त्याला रुग्णालयाचा अनुभव चांगला आला होता, पण त्याला निष्कर्षांतून वगळलेलं होतं. म्हणजे ज्यांनी दुसऱ्यांच्या कागदावर बोट ठेवलं, त्यांचाच कागद स्वच्छ नव्हता.

सेमूर केटी नावाच्या शास्त्रज्ञांनी तर तेव्हाच विचारलं होतं, की मी पोटभर रक्त पिऊन रुग्णालयात गेलो आणि तिथे ओकलो, तर डॉक्टर पोटातल्या व्रणाचंच निदान करतील ना? त्यावरून डॉक्टरांना पोटातलं काही कळत नाही असं ठरतं का? प्रश्न अगदी रास्त आहे. दारात आलेल्या माणसावर विश्वास ठेवणं ही डॉक्टरांची चूक नव्हे.

मग त्या प्रयोगातलं काय उरतं? मला वाटतं, एक गोष्ट उरते आणि ती महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी चुकणं समजण्यासारखं आहे. पण एकदा शब्द कागदावर पडला, की पुढचं सगळं त्या शब्दाच्या चष्म्यातून बघायचं आणि तो शब्द पुन्हा तपासायचाच नाही, ही खरी भीती. पहिलं निदान म्हणजे एक अंदाज असतो. त्याचा शिक्का केव्हा होतो? कुणी तो पुन्हा पाहत नाही तेव्हा.

हे मी पुस्तकातलंच सांगतेय असं नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी अधूनमधून येते. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते. बाळंतपणानंतर तिची झोप पार उडाली, ती भलतंसलतं बोलू लागली. घरच्यांनी एका मोठ्या रुग्णालयात नेलं. दहा मिनिटांत एक मोठा शब्द फाइलवर लिहिला गेला. औषधाने ती काही महिन्यांत सावरली, नोकरीही करू लागली. त्याबद्दल तिची तक्रार नाही, उलट त्या औषधांनी मला वाचवलं असंच ती म्हणते. पण सहा वर्षांनी तिच्या पोटात दुखायला लागलं. जिथे जाई तिथे फाइल उघडली जाई, तो शब्द वाचला जाई आणि "मनाचं आहे, गोळ्या नीट घेता ना?" असं विचारून तिला परत पाठवलं जाई. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने फाइल बाजूला ठेवून पोटाला हात लावला, सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे निघाले! चार महिने बाईने कळा काढल्या. ती मला म्हणाली, "बाई, मी काही बोलले की आधी तो शब्द बोलतो, मग मी." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या कॅहालन बाई या विषयामागे का लागल्या, तेही सांगण्यासारखं आहे. 2009 साली, चोविसाव्या वर्षी, त्यांना भास व्हायला लागले, संशय यायला लागले, झटके येऊ लागले. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं मनोविकार. मग एका डॉक्टरांनी त्यांना साधं घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी सगळे आकडे घड्याळाच्या एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. डॉक्टरांच्या लक्षात आलं की इथे मेंदूला सूज आहे. शरीराचीच संरक्षणव्यवस्था मेंदूवर उलटली होती. उपचार झाले आणि बाई बऱ्या झाल्या. एक कागद, एक पेन्सिल आणि पुन्हा विचार करायची तयारी, एवढ्यावर एक आयुष्य वाचलं.

आपल्या घरांतही याचं छोटं रूप असतं. थायरॉइड मंदावलं तर माणूस उदास, सुस्त होतो आणि ते नैराश्यासारखंच दिसतं. म्हातारपणी लघवीचा संसर्ग झाला किंवा रक्तातलं सोडियम उतरलं, तर एका रात्रीत माणूस बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात, "आजोबांना वेड लागलं." माझ्या वयाच्या वाचकांनी हे मुलांना आधीच सांगून ठेवावं!

मानसोपचारतज्ज्ञांनीही या बाबतीत काही केलं नाही असं मात्र नाही. एकाच रुग्णाला एक डॉक्टर एक नाव देतो आणि दुसरा दुसरं, ही अडचण त्यांना माहीत होती. न्यूयॉर्क आणि लंडन इथली तुलना केली, तेव्हा न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया हे निदान कितीतरी सढळ हाताने करतात असं दिसलं होतं. म्हणून रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत 1980 साली निदानाची नवी पुस्तिका निघाली. तिच्यात कुठली लक्षणं, किती, किती काळ हे नेमकं लिहिलं गेलं. त्याने सुधारणा झाली, पण प्रश्न संपला नाही. त्याच पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी दोन डॉक्टरांचं एकमत किती होतं ते मोजलं. योगायोगाने जुळलं तर शून्य आणि पूर्ण जुळलं तर एक, अशी ती मोजणी असते. मोठ्या नैराश्याला आकडा मिळाला 0.28. स्किझोफ्रेनियाला 0.46. शाळेत दोन परीक्षकांचं एकाच पेपरावर इतकंच जुळलं असतं, तर पालक दारात आले असते!

पुस्तिका माणसंच लिहितात, त्यामुळे त्यांत त्या काळाचे ग्रहही शिरतात. समलैंगिकता हा आजार म्हणून याच पुस्तिकेत होता आणि 1973 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच तो काढला. सोव्हिएत रशियात तर सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया' ठरवून कोंडलं जाई. शब्द कुणाच्या हातात आहे, यावर बरंच काही ठरतं.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत चांगला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं तिसरं कलम प्रत्येक घरात वाचलं जावं असं आहे. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच व्हावं. माणसाचा धर्म, राजकारण, गरिबी किंवा समाजाच्या रीतीभातींप्रमाणे न वागणं यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज तो आजारी आहे असं म्हणता येणार नाही. आणि आजार आहे एवढ्यावरून तो 'विकलमनस्क' ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. घटस्फोटासाठी बायकोच्या डोक्यावर हा शब्द मारू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयानेही 1988 साली एका खटल्यात हेच म्हटलं होतं, की नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे हे दाखवावं लागेल.

कायदा चांगला असला तरी बाहेर रांग मोठी असते, हेही खरं. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की निरनिराळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. ज्या डॉक्टरांपुढे सकाळपासून साठ माणसं बसलेली असतात, त्यांना "तासभर बोला" म्हणणं सोपं आहे. म्हणून मी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत नाही. वेळ नसेल तर निदान एवढं तरी लिहावं: 'तूर्त असं वाटतं, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.' हे लिहायला अर्धं मिनिट लागतं, पण रुग्णाची पुढची वर्षं त्यावर अवलंबून असतात.

आणि आपणही काही विचारायला शिकलं पाहिजे. हे निदान कशावरून केलं? शरीराचं काही कारण नाही ना, ते तपासलं का? पुन्हा केव्हा बघणार? फाइलची प्रत मागायचा हक्कही त्याच कायद्याने दिलाय. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. पण शंका आली म्हणून गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. हे मी ठासून सांगते. निदानावर प्रश्न विचारणं वेगळं आणि उपचार टाकून देणं वेगळं. काही औषधं एकदम सोडली तर आजार दुपटीने उलटतो.

शेवटचं आपल्या सगळ्यांसाठी. अमेरिकेत 1964 च्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांच्याबद्दल एका मासिकाने हजारो मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं, हा माणूस अध्यक्ष व्हायला मनाने लायक आहे का? 1,189 जणांनी 'नाही' म्हणून कळवलं. त्यातल्या कुणी त्यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. पुढे 1973 साली तिथल्या संघटनेने नियमच केला, की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल असं मत द्यायचं नाही. शिकलेल्या डॉक्टरांना जर हे बंधन, तर लग्नाच्या पंगतीत भाच्याच्या, सुनेच्या, शेजारणीच्या आजाराचं नाव सांगणाऱ्या आपल्याला किती असायला हवं? तो आजारी असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायला सोबत जावं. तेवढं करता येत नसेल तर त्या शब्दाला हात लावू नये.