रॅकेट आपटून राग जात नाही

७ जून २०२५. पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनच्या महिला एकेरीची अंतिम लढत. जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर असलेल्या बेलारूसच्या आर्यना सबालेन्काने पहिला सेट टायब्रेकमध्ये जिंकला. पण सामना अमेरिकेच्या कोको गॉफने ६-७, ६-२, ६-४ असा खेचून नेला. सबालेन्काकडून टाळता येण्याजोग्या तब्बल ७० चुका झाल्या. थोड्या वेळाने पत्रकारांसमोर बसल्यावर ती म्हणाली, की गॉफ काही फार उत्तम खेळून जिंकली नाही, माझ्या चुकांमुळे जिंकली. आपल्या जागी इगा श्वीऑनटेक अंतिम फेरीत असती तर तीच विजेती ठरली असती, असेही तिने सुनावले. टीकेची झोड उठली. पुढे सबालेन्कानेच आपले वागणे व्यावसायिक खेळाडूला न शोभणारे होते हे मान्य केले आणि गॉफला लिहून माफी मागितल्याचे सांगितले.

असा प्रसंग घडला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, ‘यश डोक्यात गेले, हरणे माहीतच नाही.’ दुसरी, ‘मनात होते ते बोलली, त्यात एवढे काय? राग बाहेर पडलेला बरा.’ दोन्हींमध्ये गृहीत एकच आहे. राग आला की तो गिळायचा किंवा ओकायचा, तिसरा मार्ग नाही. मानसशास्त्रातील गेल्या तीन दशकांतील संशोधन मात्र वेगळे सांगते. पराभवाचे दुःख होणे स्वाभाविक आहे. ते हाताळणे हे कौशल्य आहे आणि बॅकहँडप्रमाणे तेही सरावाने येते. चिडणाऱ्या खेळाडूंना दंड ठोठावण्यात टेनिस तत्पर आहे. हे कौशल्य शिकवण्यातही त्याने तेवढीच तत्परता दाखवायला हवी.

हरणाऱ्यांचा खेळ

ग्रँडस्लॅम स्पर्धेच्या एकेरीत १२८ खेळाडू उतरतात आणि त्यातील १२७ जण हरून घरी जातात. जिंकणाऱ्याच्या वाट्यालाही हार कमी नसते. रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला. १,५२६ एकेरी सामने, त्यातील जवळपास ८० टक्के जिंकलेले. पण गुण मात्र ५४ टक्केच. म्हणजे सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एकानेही शंभरातील ४६ गुण गमावले.

त्यात टेनिसची गुणपद्धत क्रूर आहे. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, नोव्हाक जोकोविचने २०४. फेडररला विजेतेपदासाठी दोन संधीही मिळाल्या. तरीही करंडक जोकोविचने उचलला. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज तंबूत जाऊन हेल्मेट काढतो, पाणी पितो, कोणाशी तरी बोलतो. टेनिसपटूला ती सोय नाही. चूक झाल्यावर २५ सेकंदांत पुढची सर्व्हिस करायची असते आणि कोर्टवर खांद्यावर हात ठेवणारे कोणी नसते.

शरीरात काय घडते?

निर्णायक क्षणी चेंडू जाळ्यात गेला की मेंदू त्या घटनेकडे धोका म्हणून पाहू शकतो. मेंदूतील अमिग्डाला हा भाग सावध होतो, ॲड्रेनालिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. परिणामांचा विचार करणारा, आवेग आवरणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अशा वेळी मागे पडतो. जीव वाचवण्यासाठी उपयोगी असलेली ही यंत्रणा नाजूक ड्रॉप शॉट मारताना मात्र कामाची नसते.

हातातून निसटल्याची सल वेगळीच असते. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले, की तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांचे चेहरे तपासले गेले. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसले. दुसऱ्याच्या मनात ‘थोडक्यात सोने हुकले’ असते, तर तिसऱ्याच्या मनात ‘निदान पदक तरी मिळाले’. टेनिसमधील उपविजेता नेमक्या या रौप्यपदकाच्या जागी उभा असतो.

म्हणून रडणे हा अखिलाडूपणा मानू नये. १९९३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे असूनही स्टेफी ग्राफकडून हरली आणि पारितोषिक देणाऱ्या डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. २००९ मध्ये मेलबर्नला नदालकडून हरल्यावर फेडररला बोलणेही जमेना. या दोघांना त्याबद्दल कोणी दोष दिला नाही, कारण त्यांच्या दुःखाने कोणाला इजा झाली नाही.

कुकरची शिटी आणि राग

रॅकेट तोडण्याचे समर्थन करताना नेहमी कुकरचा दाखला दिला जातो. वाफ कोंडली तर स्फोट होईल, शिटी झाली की बरे. जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मॅडिसन कीजकडून हरल्यावर सबालेन्काने रॅकेट आपटली, तीही मनातील नकारात्मक भावना बाहेर काढण्यासाठीच, असे तिने सांगितले. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत हरल्यावर डॅनिल मेदवेदेवने खुर्चीवर बसून रॅकेटचे तुकडे केले. त्याआधी त्याने पंचांवर राग काढत प्रेक्षकांनाही चिथावले होते. त्याला एकूण ४२,५०० डॉलर दंड झाला.

माणसाचे मन कुकर आहे का, याची परीक्षा मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी घेतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. त्यांच्या निबंधावर जळजळीत शेरे मारून त्यांना आधी चिडवण्यात आले. मग एका गटाने चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. दुसऱ्या गटाने तंदुरुस्तीचा विचार करत तेच केले. तिसरा गट नुसता शांत बसला. सर्वाधिक संतापलेला निघाला पहिला गट, तर सर्वांत कमी आक्रमक राहिला काहीही न करणारा तिसरा. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी क्येर्विक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायूंचे शिथिलीकरण यांसारख्या शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या कृतींनी राग कमी होतो. उत्तेजना वाढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत तो कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग रॅकेट आपटल्यावर बरे का वाटते? क्षणभर वाटते, हे खरे आहे आणि अडचण तिथेच आहे. त्या क्षणिक सुटकेमुळे मेंदू ही कृती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी हात आपोआप उचलला जातो. सवय लागली की ती रॅकेटपाशी थांबेल याची खात्री नसते. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने वैतागून मागे टोलवलेला चेंडू रेषापंच महिलेच्या गळ्यावर बसला आणि त्याला स्पर्धेतून बाद करण्यात आले. इजा करण्याचा त्याचा हेतू नव्हता, पण चेंडूला हेतू कळत नाही. २०२२ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे अलेक्झांडर झ्वेरेव्हने दुहेरीचा सामना हरल्यावर पंचांच्या खुर्चीवर रॅकेटचे घाव घातले. पंच त्याच खुर्चीवर बसलेले होते.

सेरेना विल्यम्सचे २०१८ चे प्रकरण अजूनही वादाचे आहे. अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पंच कार्लोस रामोस यांच्याशी झालेल्या वादात तिला आधी ताकीद मिळाली, मग एक गुण आणि नंतर एक गेम गमवावा लागला. पंच पुरुष खेळाडूंना इतके कठोर वागवत नाहीत, हा तिचा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण त्या संध्याकाळची किंमत चुकवली ती नाओमी ओसाकाने. कारकिर्दीतील पहिले ग्रँडस्लॅम जिंकूनही प्रेक्षकांच्या हुर्योमुळे ती बक्षीस समारंभात रडत उभी होती. तेव्हा सेरेनाने तिला जवळ घेतले आणि प्रेक्षकांना हुर्यो थांबवण्यास सांगितले, हेही नोंदवायला हवे.

गिळणे हाही उपाय नाही

याचा अर्थ दात-ओठ खात गप्प बसावे असा नाही. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मधील प्रयोगात सहभागींना एका शस्त्रक्रियेची अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली. ज्यांना भावना चेहऱ्यावर येऊ न देण्यास सांगितले होते, ते शांत दिसले. पण त्यांच्या शरीरातील ताण वाढलेला होता. ज्यांना त्या दृश्याकडे वेगळ्या नजरेने, अलिप्तपणे पाहण्यास सांगितले होते, त्यांना त्रासच कमी जाणवला. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाचा प्रतिसाद कमी होतो. ‘मला राग आला आहे’ एवढे ओळखणेही उपयोगी पडते.

टेनिससाठी हे ज्ञान वापरात आणणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्हणजे जिम लोअर. उत्तम खेळाडू दोन गुणांच्या मधल्या सेकंदांत काय करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. गुण गेला तरी मान ताठ ठेवून वळायचे, श्वास सोडत स्नायू सैल करायचे, पुढच्या गुणाचा डाव ठरवायचा आणि मग चेंडू टप्पे देण्यासारखा ठरलेला विधी करून सर्व्हिस करायची, असा तो क्रम आहे. नदालच्या बाटल्या मांडण्याची आणि केस मागे सारण्याची अनेकांनी थट्टा केली. मात्र संपूर्ण कारकिर्दीत त्याने सामन्यात रागाने रॅकेट तोडली नाही.

हरल्यावरचा पहिला तास

सामन्यानंतरच्या वेळेची जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्यांवरही येते. शरीर अजून उत्तेजित असताना खेळाडूला पत्रकारांसमोर बसवले जाते आणि ‘का हरलात?’ असे विचारले जाते. पॅरिसमधील सबालेन्काची वाक्ये त्याच वेळची आहेत. २०२१ मध्ये फ्रेंच ओपनच्या पत्रकार परिषदेला न गेल्याबद्दल ओसाकाला १५,००० डॉलर दंड झाला. तिने स्पर्धा सोडली आणि २०१८ पासून आपण नैराश्याशी झगडत असल्याचे सांगितले. पत्रकारांचा प्रश्न विचारण्याचा हक्क राहावा. पण हरलेल्याला हवा असल्यास तास-दोन तासांचा अवकाश देण्याने कोणाचे नुकसान होणार नाही.

त्या अवकाशाचे काय करता येते, हे अमांडा अनिसिमोवाने दाखवले. मानसिक थकव्यामुळे ती २०२३ मध्ये काही महिने टेनिसपासून दूर होती. १२ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात श्वीऑनटेकने तिला ५७ मिनिटांत ६-०, ६-० असे हरवले. एवढ्या लोकांसमोर एकही गेम न मिळणे ही मोठी नामुष्की होती. ती रडली, पण आधी श्वीऑनटेकचे कौतुक केले आणि आईचे आभार मानले. दोन महिन्यांच्या आत अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तीच प्रतिस्पर्धी समोर आली. आदल्या रात्री अनिसिमोवाने त्या नकोशा सामन्याचे चित्रीकरण पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ६-४, ६-३ अशी जिंकली.

सुरुवात मुलांपासून

हा सराव विसाव्या वर्षी सुरू करणे उशिराचे ठरते. ज्याचा बर्फासारखा थंडपणा पुढे जगभर गाजला, तो ब्योर्न बोर्ग लहानपणी रॅकेट फेकायचा. त्याला काही काळ खेळापासून दूर ठेवण्यात आले आणि त्यातून तो बदलला. म्हणजे स्वभाव दगडावरची रेघ नसतो.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील अभ्यासात पाचवीच्या वर्गातील मुले होती. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले अवघड प्रश्नांत अडखळल्यावर खचली. ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले टिकून राहिली. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी आपले गुण सांगताना ते वाढवून सांगितले. ज्याची किंमत निकालावर ठरते, त्याला हार लपवावीशी वाटते.

पुणे, मुंबई, सोलापूरच्या कोर्टवर कनिष्ठ गटाच्या स्पर्धांना मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी यात सरळ सूचना आहेत. हरलेल्या मुलाला गाडीत बसताच चुकांचा पाढा ऐकवू नये. रडू येत असेल तर रडू द्यावे. मात्र हात मिळवल्याशिवाय, पंचांचे आभार मानल्याशिवाय कोर्ट सोडता येणार नाही, हा नियम जिंकल्यावर आणि हरल्यावर सारखाच पाळावा. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी करावी. प्रशिक्षकांनीही दोन गुणांमधील श्वास आणि चालणे यांचा सराव सर्व्हिसइतकाच नियमित घ्यावा.

६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सबालेन्का आणि अनिसिमोवा समोरासमोर होत्या. दुसऱ्या सेटमध्ये ५-४ अशा आघाडीवर विजेतेपदासाठी सर्व्हिस करताना सबालेन्काने डोक्यावरचा सोपा फटका जाळ्यात मारला आणि सर्व्हिस गमावली. तोल जाण्याच्या आपण अगदी जवळ होतो, पण स्वतःला सावरले, असे तिने नंतर सांगितले. आणि तिने सामना ६-३, ७-६ असा जिंकला. पॅरिसचा तो कडवट तास तिच्या सरावाचा भाग झाला होता. पलीकडे अनिसिमोवाचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि तरीही तिने विजेतीचे अभिनंदन केले.