विश्लेषण : बाळाला ‘अ‍ॅक्टिव्हिटी सीट’मध्ये कधी बसवावे? खोक्यावरचे वय पाहावे की बाळाची मान?

बारशाला किंवा उष्टावणाला हल्ली खुळखुळ्याच्या जोडीने एक मोठे खोके घरात येते. आत गोल, रंगीबेरंगी आसन असते. मधोमध कापडी बैठक, भोवती खेळण्यांची कड आणि दाबताच गाणी म्हणणारी बटणे. खोक्यावर ‘४ महिने+’ असे छापलेले असते. तेवढे वाचून बाळाला त्यात बसवले जाते, फोटो काढले जातात आणि थोड्याच वेळात बाळाची मान एका बाजूला कलते. मग घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, ‘अजून मान धरली नाही, बसवू नका’. आई-बाबा म्हणतात, ‘कंपनीने चार महिने लिहिले आहे’. या वादात बहुतेक वेळा आजीचे बरोबर असते. ते का, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हे आसन वॉकरपेक्षा वेगळे कसे?

या वस्तूला इंग्रजीत ‘स्टेशनरी अ‍ॅक्टिव्हिटी सेंटर’ म्हणतात. ती जागची हलत नाही. बाळ बसल्या जागी गोल फिरते, पाय ताठ करून उसळ्या घेते, समोरची खेळणी ओढते. वॉकर दिसायला असाच असतो, पण त्याला चाके असतात आणि धोका तिथेच आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेल्या, १५ महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक बाळांवर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार करावे लागले. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक बाळांना डोक्याला वा मानेला इजा झाली होती आणि सुमारे तीन चतुर्थांश बाळे जिन्यावरून पडली होती. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा बंदीची मागणी करत आली आहे. आपल्याकडे वॉकर दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतो.

जुना लाकडी पांगुळगाडा मात्र या दोन्हींपेक्षा निराळा. स्वतः उभे राहू लागलेले मूल तो धरून ढकलते, भार स्वतःच्या पायांवर घेते. वॉकरमध्ये आणि अ‍ॅक्टिव्हिटी सीटमध्ये उभे राहता न येणारे बाळ कापडी बैठकीच्या आधाराने टांगलेले असते. चाके नसल्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी सीट वॉकरपेक्षा सुरक्षित ठरते, पण म्हणून ती कोणत्याही वयात चालते असे नाही.

‘४ महिने+’ याचा अर्थ काय?

चार महिन्यांच्या आधी बसवू नये, एवढाच. चार महिने झाले की बसवावेच, असा त्याचा अर्थ नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. ‘बाळाला चौथा लागला’ असे घरात म्हणतात, तेव्हा बाळाचे तीनच महिने पूर्ण झालेले असतात. खोक्यावरचे चार महिने हे पूर्ण झालेले महिने आहेत.

अमेरिकेत २०१९ मध्ये या आसनांसाठी सक्तीचे सुरक्षा मानक आले. हे आसन कोणासाठी, हे त्यात वयावरून ठरवलेले नाही. जे बाळ आधाराशिवाय मान सावरू शकते, पण अजून चालू लागलेले नाही, त्याच्यासाठी ते आहे. म्हणजे निकष क्षमतेचा आहे. खोक्यावर मात्र महिने ठळक दिसतात आणि क्षमतेची अट आतल्या माहितीपत्रकातील बारीक अक्षरांत जाते. ग्राहकाची दिशाभूल होते ती इथे.

बाळांमध्ये फरक तरी किती असतो?

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांची वाढ पाहून २००६ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराशिवाय बसणे हे ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत केव्हाही जमू शकते. आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी बाळांच्या बसण्यात पाच महिन्यांचे अंतर असू शकते. अशा वेळी सगळ्यांसाठी एकच महिना छापणे कारखान्याच्या सोयीचे असते. बाळाच्या शरीराशी त्याचा संबंध थोडाच असतो.

बाळ तयार आहे, हे कसे ओळखावे?

बाळाच्या शरीरावरचा ताबा वरून खाली येत जातो. आधी मान, मग छाती-पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय. आसनात बसवण्यापूर्वी हाच क्रम तपासावा.

पहिली खूण मान. बाळाला छातीशी उभे धरल्यावर, इकडेतिकडे वळवल्यावर मान स्थिर राहायला हवी. क्षणभर सावरून पुन्हा डुगडुगणारी मान म्हणजे तयारी नव्हे. दुसरी खूण पाठ. कमरेला हलका आधार दिला असता बाळ काही मिनिटे सरळ बसते का, की पुढे किंवा बाजूला कोसळते, हे पाहावे. पालथे पडून, हातांवर जोर देऊन छाती उचलणारे बाळ सहसा या टप्प्याजवळ आलेले असते. तिसरी खूण हात. दोन्ही हात पुढे करून वस्तू पकडता येत नसेल, तर भोवतीच्या खेळण्यांचा त्याला उपयोग नाही.

चौथी खूण पाय. उंची सर्वांत खालच्या खाचेवर ठेवून बसवल्यावर बाळाचे तळवे तळाला टेकायला हवेत, गुडघे किंचित वाकलेले असावेत. फक्त चवडे टेकत असतील तर आसन बाळासाठी उंच आहे. खाली उशी सरकवून उंची भरून काढू नये, ती घसरते. काही आठवडे थांबणे हाच उपाय. या चारही खुणा बऱ्याच बाळांत पाच ते सहा महिन्यांच्या सुमारास दिसतात. काहींत आधी, काहींत नंतर.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे काय?

त्यांचे वय मोजताना जन्मतारखेऐवजी प्रसूतीची अपेक्षित तारीख धरावी. ३२ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ साधारण दोन महिने लवकर आलेले असते. ते सहा महिन्यांचे झाले तरी विकासाच्या हिशेबात चार महिन्यांचेच असते. अशा बाळांबाबत, तसेच अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल तर, आसनाचा विचार करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. चार महिने पूर्ण होऊनही मान स्थिर नसेल किंवा नऊ महिन्यांनंतरही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, तर तपासणी लांबवू नये. सरकारी आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावरही विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. लशीच्या तारखा पाहण्यापलीकडे ते पान क्वचितच उलटले जाते.

आसनामुळे बाळ लवकर चालते का?

नाही. विक्रेत्यांचा हा आवडता दावा असला, तरी त्याला आधार नाही. आसनात बाळाचा तोल बैठक सांभाळते. चालायला शिकण्यासाठी मात्र तोल जाणे, सावरणे, कुशीवर वळणे, पोटावर सरकणे, रांगणे आणि धरून उभे राहणे हे सगळे बाळाने स्वतः करावे लागते. वॉकरबाबत आयर्लंडमध्ये झालेला आणि २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अभ्यास उलटेच सांगतो. वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागे आधाराशिवाय चालणे सुमारे ३.३ दिवसांनी लांबल्याचे त्यात आढळले. तो अभ्यास वॉकरचा होता आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण टांगून ठेवलेले बाळ जमिनीवरच्या सरावाला मुकते, ही गोष्ट दोन्ही साधनांना सारखीच लागू आहे.

किती वेळ बसवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला एका वेळी एक तासापेक्षा अधिक काळ जखडून ठेवू नये. अजून न सरकणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे जागेपणी पालथे खेळू द्यावे. एक तास ही कमाल मर्यादा झाली. अ‍ॅक्टिव्हिटी सीटसाठी १५-२० मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा, एवढे पुरे. बाळ कंटाळले, पुढे झुकले किंवा पेंगू लागले की लगेच उचलावे. झोप लागलीच तर सपाट गादीवर उताणे ठेवावे. बसल्या जागी मान छातीवर पडली तर श्वास कोंडू शकतो.

आसन सपाट जमिनीवरच असावे, दिवाणावर किंवा पलंगावर नाही. जवळपास गरम चहा, पडद्याची दोरी, चार्जरची वायर नसावी. आणि बाळ नजरेसमोरच असावे.

वापर कधी थांबवावा?

बाळ धरून उभे राहू लागले, आसन कलंडवू लागले किंवा बाहेर चढू पाहू लागले की त्याचे काम संपले. अनेक कंपन्या ७६ सेंमी उंची आणि ११ किलो वजन ही मर्यादा देतात. पण चालू लागलेल्या बाळाचे वजन कमी असले तरी त्याला आत बसवू नये. थोडक्यात, या वस्तूचे आयुष्य जेमतेम चार-सहा महिन्यांचे आहे. कित्येक हजार रुपये मोजण्याआधी हे लक्षात घ्यावे.

मग विकत घ्यावे की नाही?

प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यातील आठ आठवड्यांपर्यंत रजा प्रसूतीआधी घेता येते. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते. नेमके त्याच वेळी हे खोके घरात येते, हा योगायोग नाही. दोन खोल्यांच्या घरात, मदतीला कोणी नसताना, भाकऱ्या थापायला आणि आंघोळीला दोन हात मोकळे हवे असतात. ती गरज खरी आहे. त्यासाठी आईला दोष देण्याचे कारण नाही.

पण ही गरज मोठ्यांची आहे, हे मान्य करायला हवे. ‘बाळाच्या विकासासाठी’ म्हणून आसन घेतले, की १५ मिनिटांचे दोन तास होतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ‘कुकर लावेपर्यंत’ म्हणून घेतले, तर कुकर झाल्यावर बाळ बाहेर येते. कंपन्यांनी खोक्यावर महिन्यांऐवजी मान, पाठ आणि तळव्यांच्या खुणा चित्रांसह छापाव्यात, वापर थांबवण्याची खूणही तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. तोवर ही पारख घरातच करावी लागेल. ज्या घरात हे आसन परवडत नाही, तिथल्या बाळाचे काहीही बिघडत नाही. जमिनीवर अंथरलेली सतरंजी, दोन वाट्या, एक डाव आणि जवळ बसलेले माणूस, एवढ्यात त्याला मान, पाठ आणि पाय तिन्ही कमावता येतात.