न पुसायचा फळा

दोस्तांनो, फळा पुसायला कुणाकुणाला आवडतं? आमच्या वर्गात तर तास संपायच्या आतच दोघं-तिघं डस्टर घेऊन तयार असतात. "बाई, पुसू?"

गेल्या वर्षी पाचवीतल्या एकानं फळ्यावर गणित सोडवलं : 1/2 + 1/3 = 2/5. वर्गात हशा पिकला. मी काही बोलणार, तोवर त्यानं ते तळहातानंच पुसून टाकलं! उत्तर गेलं, आणि ते चुकलं कुठं, हेही त्याच्याबरोबरच गेलं. दुसऱ्या दिवशी वहीत बघते तर पुन्हा 2/5.

तेव्हापासून आम्ही अशी गणितं संगणकावरच्या फळ्यावर करतो. असे फळे बरेच आहेत. मी सांगतेय तो 'ओपनबोर्ड'. तो मोफत आहे आणि एकदा संगणकात बसवला, की इंटरनेट नसलं तरी चालतो. याचा जन्म स्वित्झर्लंडमधला. लोझान विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी 2003 मध्ये वर्गात वापरायला घेतलेल्या 'युनिबोर्ड'वरून पुढं हा तयार झाला. ओपनबोर्ड डॉट सीएच या संकेतस्थळावर तो मिळतो. पण उतरवून घेताना आई-बाबांना शेजारी बसवा बरं का! भलत्याच ठिकाणाहून भलतंच काही संगणकात शिरायला नको.

उघडलात, की समोर पांढरं स्वच्छ पान दिसेल. खाली अवजारांची पट्टी : पेन, खोडरबर, जाड पारदर्शक रंगाचा हायलायटर, सरळ रेघ ओढायचं साधन, अक्षरं टाइप करायचं साधन. वरती रंग आणि रेघेची जाडी. पेन निवडा आणि माऊसचं डावं बटण दाबून धरून आपलं नाव लिहा.

कसं आलं? कोंबडीचे पाय? माझंही तसंच आलं होतं! माऊसनं लिहिताना मनगट नाही, अख्खा हात हलवायचा आणि अक्षर मोठं काढायचं. दोन दिवसांत जमतं. चुकलं तर कंट्रोल आणि झेड ही बटणं एकदम दाबा, शेवटची रेघ गायब!

आता ते गणित करू. वरच्या 'बॅकग्राउंड' बटणातून चौकटींचं पान घ्या. पेननं लिहा : 1/2 + 1/3 = 2/5. हो, चुकीचंच लिहा! आणि पुसू नका. 'पेजेस' बटणातून नवं पान घ्या. जुनं पान डावीकडे छोटं होऊन बसलेलं दिसेल.

नव्या पानावर सरळ रेघांनी सहा चौकटी लांबीची पट्टी काढा. ही आपली चिक्कीची वडी समजा. तिचा अर्धा भाग म्हणजे तीन चौकटी. त्यांवरून पिवळा हायलायटर फिरवा. खालच्या रेघा दिसत राहतात, हीच तर गंमत. तशीच दुसरी वडी खाली काढा आणि तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोन चौकटी, हिरव्या करा. रंगवलेल्या चौकटी मोजा. तीन आणि दोन, पाच. वडी सहा चौकटींची, म्हणून उत्तर 5/6.

आता डावीकडच्या पहिल्या पानावर टिचकी मारून परत जा. 2/5 हे अर्ध्यापेक्षा कमी की जास्त? कमी! अर्ध्या वडीत आणखी चिक्की घातली आणि ती अर्ध्याहूनही कमी झाली? मग मधे कुणी खाल्ली? आमच्या वर्गात हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल? ज्यानं फळा पुसला होता, त्याच्याच. "बाई, मी वरचे वर आणि खालचे खाली मिळवले!" पहिलं पान समोर होतं म्हणून त्याला ते दिसलं. ते पान अजून आमच्या संगणकात आहे आणि नव्या मुलांना तो स्वतःच उघडून दाखवतो.

एक मात्र माझ्यासारखं करू नका. मी आधी इंटरनेटवरचा एक फळा वापरायचे. आकृत्यांचे कितीतरी धडे त्यावर काढून ठेवले होते. 2024 च्या अखेरीस ती सेवाच बंद झाली. सूचना आली होती, पण मी 'बघू नंतर' म्हणत राहिले आणि सगळं गेलं! ओपनबोर्ड पान बदललं की काम आपोआप साठवतो, पण त्याच एका संगणकात. म्हणून 'डॉक्युमेंट्स'मध्ये जाऊन 'एक्सपोर्ट' दाबायचं, पीडीएफ करायची आणि पेनड्राइव्हवर ठेवायची. वर्गातलं कुणी आजारी असलं, तर हीच पीडीएफ त्याच्या घरी धाडता येते. गेल्या पावसाळ्यात तापानं चार दिवस घरी असलेल्या एका मुलीनं अख्खा अपूर्णांकांचा धडा तसाच वाचला.

(पालकहो, सुरुवातीला शेजारी बसा, पण माऊस त्यांच्याच हातात राहू द्या!)

आता तुमची पाळी. 1/4 + 1/3. पट्टी किती चौकटींची घ्याल? सहाची घेऊन बघा, अडाल. का अडलात ते त्याच पानावर लिहा आणि मगच नवं पान घ्या. उत्तर पुढच्या अंकात!