विंचू उतरतो तो कशाने?

आपल्या मालवण भागात चिरे हलवताना, लाकडे काढताना, पावसाआधी कौले परतताना लाल विंचू डसतो. मग धावाधाव होते ती मांत्रिकाकडे. "उतरवला" म्हणतात, आणि पुष्कळदा ठणका थांबतोही. मग मंत्र खोटा कसा म्हणायचा? वाचकहो, आधी विष काय करते ते पाहू.

मज्जातंतूंच्या टोकाशी रसायनांच्या अतिसूक्ष्म पिशव्या भरलेल्या असतात. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग. निरोप आला की पेशीची दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते, पिशव्या उघडून रसायन बाहेर पडते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते तेही असेच. भीतीने छाती धडधडते ती त्यामुळे.

विंचवाचे विष निरोप वाहणारी सोडियमची दारे नीट मिटू देत नाही. निरोप थांबत नाही, कॅल्शियम आत येत राहते, रसायने सांडत राहतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. लहान मुलांना याचा धोका फार.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र बसून तपासले. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणे छापून आली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. सोबत विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ साली दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मांत्रिकाला यश का येते? पुष्कळ दंश मुळातच सौम्य असतात, ठणका आपोआप ओसरतो. पण ठणका कमी म्हणजे विष उतरले असे नव्हे. ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण. खोकला, धाप लागेपर्यंत थांबू नका. दंशाची जागा कापू नका, घरचे औषध देऊ नका. मुलाला तडक दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. मांत्रिकाच्या दारात गेलेला तास मात्र परत मिळत नाही.