तपासणीचे पैसे मागायला लाजू नका

गॅरेज टाकताय? मग तपासणी फुकट करू नका.

"सकाळी स्टार्ट केली की गाडी मिसिंग करते, धूर सोडते, नंतर ठीक," असं गिऱ्हाईक सांगतं आणि पेट्रोल गाडी आणतं भर दुपारी, गरम इंजिनवर. तेव्हा काय दिसणार? मग अंदाजाने प्लग बदल, कॉइल बदल. बिल वाढतं, मिसिंग तिथंच.

गाडी रात्रभर ठेवून घ्या. सकाळी आधी कूलंटची पातळी बघा, मग स्टार्ट मारा. निळसर धूर येऊन थोड्या वेळात थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, रात्रीतून ऑइल झिरपतं. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कमी, तर हेड गॅस्केट तपासा. (थंडीतली नुसती वाफ दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवू नका!) काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. स्कॅनरवर पी०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याशी अदलाबदल करा, कोड पुसा. पी०३०३ आला तरच नवी कॉइल विका.

याला जागा, वेळ, डोकं लागतं. दर बोर्डावर लिहा. काम तुमच्याकडेच केलं तर तो बिलातून वजा करायचा का, हे तुम्ही ठरवा. मी करत नाही.