मंदीत मशीनला कर्ज कोण देणार?

मंदी आली की सरकार आणि बँका धंदेवाल्याला एकच सल्ला देतात : तग धरा. कोल्हापूर परिसरातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये कर्जाच्या फायली तपासण्यात माझी बँकेतली सगळी नोकरी गेली. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगते, नुसता तग धरलेला कारखाना पुढच्या तेजीत मागेच पडतो. मंदीच्या महिन्यांत ज्यांनी भट्टी बदलली, नवं मशीन बसवलं, वाळूची व्यवस्था सुधारली, ते पुढे गेले. आणि नेमकं त्याच महिन्यांत आपल्याकडे असल्या कामाला कर्ज मिळत नाही.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीवाल्यानं हे गाऱ्हाणं माझ्या टेबलासमोर बसून दोन वाक्यांत मांडलं होतं : "मॅडम, तेजीत भट्टी बंद ठेवायला सवड न्हाई आणि मंदीत सवड हाय तर पैसं न्हाईत. मग बदलायची कवा?" अर्थशास्त्राची पुस्तकं वाचून आलेल्या आमच्या वरिष्ठांपैकी एकालाही याचं उत्तर देता आलं नसतं.

कोल्हापुरात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. इथं ना लोखंडाची खाण, ना कोळसा, ना बंदर. हा धंदा उसामुळं आला. नदीचं पाणी शेतात चढवायला ऑइल इंजिनं आली, गुऱ्हाळांवर लोखंडी चरक आले आणि ती बिघडली की दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग येईनात, तेव्हा या मिस्त्रींनी ते इथंच ओतायला घेतले आणि पुढे अख्खी इंजिनंच शहरातल्या उद्यमनगरात बनू लागली. आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतून इंजिनाचे ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम देशभरच्या वाहन कंपन्यांना आणि परदेशातही जातात. त्यामुळे पुण्यात ट्रक खपेनासे झाले की महिन्याभरात शिरोलीतली रात्रपाळी बंद होते.

२००८ च्या शेवटी हेच झालं. टाटा मोटर्सनं पुण्यातला व्यापारी वाहनांचा कारखाना काही काही दिवस बंद ठेवला. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा एकत्रित तोटा २,५०५ कोटी रुपयांवर गेला. केंद्र सरकार झटपट हललं, हे मान्यच केलं पाहिजे. डिसेंबरात उत्पादन शुल्क १४ टक्क्यांवरून १० वर आणि फेब्रुवारीत ८ वर आणलं. जानेवारी २००९ पासून घेतलेल्या ट्रक-बसवर ५० टक्के घसारा दिला. शहरांना बस घ्यायला जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेतून पैसे दिले. मागणी परत आली. पण आलेली मागणी कोण पुरवू शकला, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

मी तो माझ्यापुरता फायलींतून मांडत गेले. तेव्हा लहान फाउंड्रींमध्ये अजून कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्या होत्या. क्युपोलात धातूचं रसायन एकदा बिघडलं की त्या दिवसाचा माल गेलाच म्हणायचा. इंडक्शन फर्नेसमध्ये तापमान आणि मिश्रण हाताशी राहतं, एसजी आयर्नसारखं जास्त भाव मिळणारं कास्टिंग करता येतं. मात्र एक टन धातू वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते आणि महाराष्ट्रात विजेचा दर हा फाउंड्रीवाल्याचा कायमचा ठसठसणारा विषय. (कर्नाटकात निघून जाण्याची धमकी इथल्या उद्योजकांनी उगाच दिली नव्हती. सीमेपलीकडचं निपाणी कागलपासून हाकेच्या अंतरावर आहे.) भट्टी बसवणं म्हणजे नुसतं भट्टी घेणं नसतं. ट्रान्सफॉर्मर, वाढीव वीजभार, पाण्याचं कूलिंग, क्रेन आणि हे सगळं होईपर्यंत बंद राहणारं काम. हा बंद काळ परवडतो फक्त मंदीत.

यापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची सुधारणा संगणकावर झाली. वितळलेलं लोखंड थिजताना आकसतं. साच्यात सगळ्यात शेवटी जिथं थिजेल तिथं पोकळी राहते. ती पोकळी कास्टिंगच्या बाहेर, रायझरमध्ये म्हणजे जादा धातूच्या कप्प्यात पडावी म्हणून जुना मिस्त्री अंदाजानं रायझर लावायचा, ओतून बघायचा, कापून बघायचा, पुन्हा पॅटर्न बदलायचा. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 'ऑटोकास्ट' ही प्रणाली विकसित केली, तिच्यात हे सगळं पडद्यावर आधी दिसतं. परदेशी सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या कारखान्यालाही ही वाट मोकळी झाली. एका उद्योजकाच्या मुलीनं डिप्लोमा करून आल्यावर वडिलांच्या शेडच्या माळ्यावर हे काम सुरू केलं आणि आजूबाजूच्या फाउंड्रींचंही घेतलं. तिच्या वडिलांचं रिजेक्शन निम्म्यावर आलेलं मी त्यांच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये पाहिलं. तिच्या संगणकाला मात्र आमच्या बँकेनं कर्ज दिलं नव्हतं, कारण तारण ठेवायला त्यात लोखंड नव्हतं.

तिसरी सुधारणा वाळूची. साच्याची सिलिका वाळू कासार्डेकडून घाट चढून येते आणि वापरून झाली की टाकायची कुठं हा प्रश्न. एकट्यादुकट्याला ती पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा प्लांट झेपत नाही. केंद्राच्या क्लस्टर योजनेतून इथं असा सामायिक प्रकल्प उभा राहिला, कारण स्पर्धक असलेले उद्योजक एका कंपनीत भागीदार व्हायला तयार झाले. कोल्हापूरचा माणूस भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध, पण वाळूच्या बाबतीत शहाणपणानं वागला.

मग २०१९ उजाडलं. आधीच्या वर्षी ट्रकची भारवहन मर्यादा वाढवल्यानं जुन्याच गाड्यांत जास्त माल जाऊ लागला. आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था कोसळल्यानं वाहनकर्ज आटलं. ऑगस्टात पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. सप्टेंबरात सरकारनं कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला आणि शेअर बाजारानं उडी मारली. उद्यमनगरात शुकशुकाट तसाच राहिला, कारण इथले बहुतेक धंदे मालकीचे किंवा भागीदारीतले. त्यांना कंपनी कर लागतच नाही, मग कपातीचा लाभ कसला?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि त्याच महिन्यात लघुउद्योगांसाठीची भांडवली अनुदान योजना संपली. नव्या तंत्राचं मशीन घेताना १ कोटीपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख रुपये, तिच्यातून मिळत. माझ्या टेबलावरून गेलेल्या कितीतरी सीएनसी मशीनमागं ती योजना होती. तिच्या जागी आली आपत्कालीन हमी योजना : २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के आणखी, सरकारच्या पूर्ण हमीवर. तिनं पुष्कळ कारखाने वाचवले, यात शंका नाही. पण तो पैसा पगार, वीजबिल आणि थकलेल्या देण्यांत गेला. भट्टी जुनी ती जुनीच राहिली.

बँकेच्या बाजूचंही सांगायला हवं. खेळत्या भांडवलाची मर्यादा आम्ही अजूनही नायक समितीच्या जुन्या सूत्रानं काढतो : वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के. उलाढाल घसरली की मर्यादा घसरते, तीन महिने हप्ता थकला की खातं बुडीत धरलं जातं, आणि अशा वेळी मशीनसाठी मुदत कर्ज मागणारा माणूस शाखाधिकाऱ्याला वेडा तरी वाटतो, नाही तर लबाड. शाखाधिकाऱ्याला दोष देऊ नये. कर्ज बुडालं तर चौकशी त्याची होते. न दिलेल्या कर्जामुळे कारखाना मागे पडला तर कुणाचीच होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एखाद्या उद्योगात देशभर मंदी असेल तेव्हा मुदत कर्जाची पात्रता गेल्या वर्षाच्या नव्हे, पाच वर्षांच्या सरासरी उलाढालीवर ठरवावी. लघुउद्योगांच्या पतहमी निधीची कमाल मर्यादा आता १० कोटींवर नेली आहे. त्यातला एक हिस्सा फक्त यंत्रसामग्रीसाठी आणि फक्त मंदीत उघडणारा ठेवावा. आणि ते १५ टक्के अनुदान परत आणावं. ठेवीदारांचा पैसा धोक्यात घालता का, असं विचारणारे भेटतील. धोका आहेच. पण तेजीच्या शिखरावर, मशीनच्या किमती चढलेल्या असताना दिलेली कर्जं काही कमी बुडालेली नाहीत.

इकडे निवडणूक जवळ आली की शेंडा पार्कातल्या आयटी पार्कचा नकाशा बाहेर निघतो. होऊ दे आयटी पार्क, पोरं पुण्याला जायची थांबली तर चांगलंच. पण जिल्ह्यातलं तंत्रज्ञान आत्ता ज्या माळ्यांवर आणि पत्र्याच्या शेडमध्ये चालू आहे, तिकडं नकाशा काढणाऱ्यांची नजर जात नाही.

पुढची मंदी वेगळी असणार आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनाला इंजिनाचा ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही. ब्रेक आणि ॲक्सलचे भाग लागतील, मोटरची आवरणं लागतील आणि त्यातली पुष्कळशी ॲल्युमिनियमची असतील. तेव्हा डायकास्टिंगच्या मशीनसाठी आलेल्या माणसाकडे मागचे तीन ताळेबंद मागून काहीही कळणार नाही. शाखाधिकाऱ्याला उठून त्याच्या शेडमध्ये जावं लागेल आणि रिजेक्शन किती आहे, पॅटर्न कोण करतं, कुठल्या कंपनीची शेड्यूलं हातात आहेत, हे तिथं उभं राहून विचारावं लागेल.